सातपुड्याची माणसे, सातपुड्याच्या कथा

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांनी गेल्या पन्नास वर्षांत या न्यासासाठी तन, मन आणि धन वेचले, त्या सर्व ज्ञात-अज्ञात बंधू-भगिनींचे प्रथम कृतज्ञतापूर्वक स्मरण करतो. सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी न्यासाच्या कार्याचा आढावा घ्यावा, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. तो आढावा अहवालात येणारच आहे. मी मात्र आज आपणांस अरुणावतीच्या काठावरून उत्तरेकडे, यवतमाळ आणि अमरावती ओलांडून, सातपुड्याच्या डोंगरात घेऊन जाणार आहे. मुक्तागिरीच्या निमित्ताने आपल्यापैकी बहुतेकांचे पाय त्या डोंगराला लागलेले आहेत. आपण दर्शन घेतो, अभिषेक करतो, सायंकाळी परतवाड्याला उतरतो आणि गाडी धरतो. परंतु त्या डोंगरात कोण कोण राहून गेले, तेथे कोणत्या कथा सांगितल्या जातात आणि त्यांतील इतिहास कोणता, याचा विचार आपण सहसा करीत नाही. तो विचार सुवर्णमहोत्सवाशी कसा निगडित आहे, हे शेवटी निवेदन करीन.

प्रारंभ त्या डोंगराच्या मूळ रहिवाशांपासून करणे उचित ठरेल. मेळघाट आणि बैतूल या भागात कोरकू बांधवांची वस्ती आहे. त्यांची भाषा मराठीहून आणि गोंडीहूनही निराळी, मुंडा कुळातील आहे. आपल्या उत्पत्तीची जी कथा ते सांगतात, ती ऐकण्यासारखी आहे. लंकापती रावणाने पाहिले की विंध्य आणि सातपुडा हे पर्वत ओसाड आहेत; तेथे मनुष्यवस्ती नाही. त्याने महादेवाची प्रार्थना केली. महादेवाने आपल्या कावळ्याला तांबड्या मातीचे वारूळ शोधण्यास पाठविले. ते वारूळ बैतूलच्या डोंगरात सापडले. महादेवाने त्या मातीच्या स्त्री-पुरुषांच्या दोन आकृती केल्या. तोच इंद्राने पाठविलेले दोन तेजस्वी घोडे प्रकट झाले आणि त्यांनी त्या आकृती तुडवून टाकल्या. दोन दिवस असेच चालले. शेवटी महादेवाने प्रथम एक कुत्रा घडविला, त्यात प्राण फुंकले, आणि त्या कुत्र्याने इंद्राचे घोडे रोखून धरले. मग जी जोडी निर्माण झाली ती मुला आणि मुलाई. हेच कोरकूंचे आद्य पूर्वज. मनुष्याच्या आधी एक मुका प्राणी जन्माला आला आणि त्याच्या राखणीमुळे मनुष्य टिकला, असे मानणारा हा समाज आहे. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या आपण या कथेचा आदरच केला पाहिजे.

त्याच डोंगरातील चिखलदऱ्याची कथा आपल्या परिचयाची आहे. विराटाच्या नगरीत पांडव अज्ञातवासात असताना कीचकाने द्रौपदीचा अपमान केला. भीमाने त्याचा वध करून देह दरीत लोटला. म्हणून ती कीचकदरा आणि पुढे चिखलदरा झाली, असे सांगतात. भीमाने हात धुतले ते भीमकुंड आजही दाखविले जाते. भारतात विराटनगरी म्हणविणारी गावे अनेक आहेत. त्यांतील खरे कोणते, हा वाद आपण करू नये. स्त्रीच्या अब्रूला हात घालणाऱ्याची गत काय होते, हे तेथील लोकांनी एका दरीच्या नावात जपून ठेवले, एवढे आपल्याला पुरेसे आहे.

आता आपल्या मुक्तागिरीकडे येऊ. प्राकृत निर्वाणकांडात अचलपूरच्या ईशान्येस असलेल्या मेंढागिरीच्या शिखरावरून साडेतीन कोटी मुनींना निर्वाण प्राप्त झाल्याचा उल्लेख आहे. हा पाठ आपल्या मंदिरांतून नित्य म्हटला जातो. या क्षेत्राला मेंढागिरी हे नाव कसे मिळाले, याची कथा अशी. सुमारे हजार वर्षांपूर्वी एक मुनिराज तेथे ध्यानस्थ बसले होते. डोंगराच्या कड्यावरून एक मेंढा घसरला आणि त्यांच्यासमोर येऊन पडला. त्याचे प्राण कंठाशी आले होते. मुनिराजांनी ध्यान सोडून त्या मरणोन्मुख प्राण्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला. त्या पुण्याईने मेंढा देवगतीला गेला. देव झाल्यावर त्याला आपल्या उपकारकर्त्याची आठवण झाली. तो परत आला आणि त्याने त्या स्थानी मोत्यांची वृष्टी केली. म्हणून ती मुक्तागिरी. अष्टमी, चतुर्दशी आणि पौर्णिमेला तेथे केशराची वृष्टी होते, अशीही श्रद्धा आहे. आज तेथे बावन्न मंदिरे आहेत. धबधब्याजवळचे दहाव्या क्रमांकाचे मंदिर डोंगरात कोरलेले असून ते मेंढागिरीचे मंदिर म्हणून ओळखले जाते. क्षेत्र मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात असले तरी वाट आपल्या परतवाड्यावरूनच जाते.

या कथेत लक्ष द्यावे असे एक स्थान आहे. साडेतीन कोटी मुनी मोक्षाला गेले त्या क्षेत्राचे नाव एखाद्या आचार्याच्या वा राजाच्या नावावरून पडले नाही. ते पडले एका मेंढ्यावरून. हे ध्यानी ठेवावे, कारण पुढे एका व्यवहारात याच मेंढ्याचा प्रभाव दिसणार आहे.

डोंगराच्या पायथ्याशी अचलपूर. आपल्या आजोबांच्या पिढीचे एलिचपूर. येथील सर्वांत प्रसिद्ध कथा ईल राजाची. ईल हा जैन धर्मानुयायी राजा होता, त्याने हे नगर वसविले आणि त्याच्या नावावरून एलिचपूर हे नाव पडले, असे सांगितले जाते. त्याच्या अंताची कथाही प्रसिद्ध आहे. गझनीच्या महमूदाचा भाचा अब्दुर रहमान याचा विवाह चालू असताना ईल राजाशी युद्ध करण्याचे निमित्त घडले. तो नवरदेवाच्या वेशातच मंडपातून उठून वऱ्हाडात आला, म्हणून त्याचे नाव दुल्हा रहमान. घनघोर युद्ध झाले. त्यात राजाही पडला आणि नवरदेवही पडला. दुल्हा रहमान यांचा दर्गा अचलपुरात आहे आणि तेथे सर्व समाजांचे लोक श्रद्धेने जातात.

आता या कथेचा जमाखर्च तपासून पाहू. गझनीच्या महमूदाच्या स्वाऱ्या इतिहासात नोंदलेल्या आहेत. १०२५-२६ ची सोमनाथची स्वारी त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. १०३० मध्ये तो मरण पावला. त्याची कोणतीही ज्ञात स्वारी वऱ्हाडापर्यंत पोहोचलेली नाही. नगराच्या नावाचे म्हणाल, तर त्याचा उलगडा आपल्याच एका आचार्याने करून ठेवला आहे. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्य हे बाराव्या शतकातील. त्यांच्या प्राकृत व्याकरणात अचलपूर या एका शब्दासाठी स्वतंत्र सूत्र आहे. या शब्दातील ‘च’ आणि ‘ल’ यांची अदलाबदल होते, असे ते सांगतात. म्हणजे अचलपूरचे झाले अलचपूर आणि त्यातून पुढे एलिचपूर. याचा अर्थ असा निघतो की राजावरून नगराचे नाव पडले नसावे. उलट नगराच्या बदललेल्या नावाला लोकांनी एक राजा जोडला असावा.

मग अचलपूरला जैन राजा झालाच नाही काय? तसेही म्हणता येत नाही. जयसिंहसूरी या श्वेतांबर आचार्यांनी विक्रम संवत ९१५ मध्ये, म्हणजे इसवी सन ८५८ च्या सुमारास लिहिलेल्या धर्मोपदेशमालेच्या विवरणात, अचलपूर येथे दिगंबर आम्नायाचा अरिकेसरी नावाचा राजा असल्याचे नमूद केले आहे. ईल राजाच्या कथेपेक्षा ही नोंद साधी आहे. तिच्यात युद्ध नाही, मंडप नाही, नवरदेव नाही. तरीही ती लेखी आहे, जुनी आहे, आणि एका संप्रदायाच्या आचार्यांनी दुसऱ्या संप्रदायाच्या राजाविषयी केलेली आहे. साक्षीदार परका असला की साक्षीचे वजन वाढते, हे व्यापाऱ्यांना सांगावयास नको.

बंधू-भगिनींनो, ही कथा अलीकडे निरनिराळ्या आवेशाने सांगितली जाते, म्हणून थोडे स्पष्ट बोलतो. आमचा राजा त्यांनी मारला, असे एकाने म्हणावे आणि आमच्या वलीला तुमच्या राजाने मारले, असे दुसऱ्याने म्हणावे, यासाठी ती कथा शतकानुशतके टिकली नाही. अचलपूरच्या लोकांनी दोघांनाही स्मरणात ठेवले. आपल्या आर्णीतही बाबा कंबलपोश यांच्या दर्ग्याच्या यात्रेला सगळे गाव जाते. ज्या घटनेला इतिहासाचा आधार नाही तिच्यावर आज वैर उभे करणे म्हणजे अस्तित्वात नसलेल्या कर्जाची वसुली काढण्यासारखे आहे. अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्यांनी तरी त्यात भाग घेऊ नये.

ईल राजाची दुसरी कथा वाशीम जिल्ह्यातील शिरपूरला पोहोचते. राजाला कुष्ठरोग झाला होता. एका जलाशयात त्याने हातपाय धुतले आणि तेवढा भाग रोगमुक्त झाला. दृष्टांतानुसार त्या पाण्यातून श्रीपार्श्वनाथांची मूर्ती निघाली. मूर्ती घेऊन जाताना मागे वळून पाहू नये, अशी आज्ञा होती. राजाला शंका आली, त्याने मागे पाहिले आणि मूर्ती तेथेच अधांतरी थांबली. तेच अंतरिक्ष पार्श्वनाथ. पूर्वी मूर्तीखालून घोडेस्वार जाई, आता केवळ वस्त्र जाते, असे भाविक सांगतात. त्या वस्त्राएवढ्या अंतरावर पिढ्यान्पिढ्यांची श्रद्धा उभी आहे. दुर्दैवाने त्याच मूर्तीपाशी आपल्या दोन संप्रदायांचा वादही उभा राहिला. १९०५ मध्ये पूजेच्या वेळा वाटून घेण्याचा करार झाला होता. तरीही प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १९२९ मध्ये तेथे निकाल लागला. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये ते उघडले. मधली चार दशके भाविकांनी झरोक्यातून दर्शन घेतले. कोणाची बाजू खरी, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. मात्र एका पिढीने बालपण ते प्रौढपण आपल्या भगवंताला झरोक्यातून पाहिले, याची खंत दोन्ही संप्रदायांना समान असावयास हवी.

पुन्हा डोंगरात जाऊ. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड आपण सहलीत पाहिला असेल. नावावरून तो गवळी राजांचा म्हणतात. फिरिश्ता या इतिहासकाराच्या मते अहमदशहा बहमनीने १४२५ च्या सुमारास तो बांधला. १४८८ मध्ये त्याची डागडुजी करणारा फतहुल्ला इमादुल्मुल्क ही मोठी विलक्षण व्यक्ती होती. विजयनगरच्या मुलखातील कानडी हिंदू घरात जन्मलेला हा मुलगा युद्धात पकडला गेला, मुसलमान म्हणून वाढला, वऱ्हाडचा सुभेदार झाला आणि शेवटी एलिचपूरच्या इमादशाहीचा संस्थापक बनला. गडाच्या दिल्ली दरवाजावर गंडभेरुंड, म्हणजे दोन मुखांचा पक्षी कोरलेला आहे. ते विजयनगरचे चिन्ह. धर्म बदलला, नाव बदलले, सत्ता आली. परंतु जन्मभूमीची खूण त्याने दरवाजावर कोरून ठेवली, असे अभ्यासकांना वाटते.

याच गडावर १८०३ मध्ये बेनीसिंग या रजपूत किल्लेदाराने प्राण वेचले. गड नागपूरकर रघूजी भोसल्यांचा होता. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला आणि इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली गाविलगडावर चालून आला. त्याचा सहकारी स्टीव्हन्सन याच्या सैन्याने अवजड तोफा डोंगरातून हातांनी ओढत उत्तरेच्या बाजूस नेल्या. वाटाही त्यांनी स्वतःच तयार केल्या. १५ डिसेंबर १८०३ रोजी तटाला खिंडार पडले आणि हल्ला झाला. बेनीसिंग पळाला नाही, शरणही गेला नाही. दरवाजापाशी आपल्या निवडक साथीदारांसह लढता लढता तो पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलखावरचा भोसल्यांचा हक्क संपला आणि तो निजामाकडे गेला. आपली आर्णी त्याच मुलखातली. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले मात्र तहाने भोसल्यांकडेच राहिले. म्हणजे ज्या गडासाठी बेनीसिंग मेला, तो गड त्याच्या धन्याला परत मिळाला, पण वऱ्हाड गेले. पुढे १८१५ मध्ये याच वेलस्लीने वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव केला आणि त्याचे नाव जगाला कळले. बेनीसिंगचे नाव मात्र वऱ्हाडातील शाळेतल्या मुलांनाही ठाऊक नाही. आपण हिंसेचे समर्थक नाही. परंतु सोपविलेले स्थान सोडले नाही, या निष्ठेची नोंद आपण घेतलीच पाहिजे.

आणि आता या डोंगरातील ज्या पुरुषांसाठी मी आपणांस इथवर आणले, त्यांच्याकडे वळतो. त्यांच्या हाती तलवार नव्हती. ते आपल्यासारखेच पेढीवर बसणारे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुक्तागिरीचा डोंगर खापर्डे यांच्या मालगुजारीत होता. त्या काळी शिकारीचे शौकीन साहेब लोक पायांत बूट घालून, बंदुका घेऊन त्या डोंगरावर चढत आणि प्राण्यांची शिकार करीत. मंदिरांत पूजा चालू आहे आणि वर बंदुकीचा बार होत आहे, अशी ती अवस्था होती. दानवीर नत्थुसा पासुसा कळमकर यांना हे सहन झाले नाही. त्यांनी आपले साथी रायसाहेब संगई आणि गेंदालालजी हिरालालजी बडजात्या यांना बरोबर घेतले आणि १९२३ मध्ये मंदिरांसह तो डोंगरच खरेदी केला. क्षेत्राचे पावित्र्य राहावे आणि तेथील जीवांना अभय मिळावे, हा त्यामागचा हेतू.

मित्रहो, व्यापारी जमीन घेतो ती नफ्यासाठी, निदान मोलाने विकण्यासाठी. या खरेदीत नफा कोणता होता? शेती नाही, बाजारपेठ नाही. खडक, झाडे आणि रानातील जनावरे. तरीही त्यांनी रक्कम मोजली. त्यांच्या मनात तो मेंढा असला पाहिजे. जेथे एका मुनीने मरणाऱ्या मेंढ्यासाठी ध्यान थांबविले, तेथे आपल्या डोळ्यांदेखत हरिण मारले जाते, हे त्या कथेवर वाढलेल्या माणसाला कसे साहावे? देशात वन्यजीव संरक्षण कायदा झाला तो १९७२ मध्ये. व्याघ्र प्रकल्पाला प्रारंभ झाला तो १९७३ मध्ये, आणि मेळघाट हे त्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. शासनाने सातपुड्यातील प्राण्यांना अभय देण्याच्या पन्नास वर्षे आधी वऱ्हाडातील काही श्रावकांनी आपल्या खर्चाने ते दिले होते. मेंढ्याची कथा इतिहासाच्या कसोटीवर सिद्ध करता येईल काय, हे मी सांगू शकत नाही. परंतु १९२३ ची खरेदी ही घटना आहे, आणि त्या घटनेमागे ती कथा उभी आहे.

येथे सुवर्णमहोत्सवाचा संबंध येतो. आपल्या दुकानात रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असतात. दोन्ही हव्यात, पण एकीतील मजकूर दुसरीत मिसळून चालत नाही. समाजालाही दोन वह्या लागतात. एक कथेची, जी आपल्याला कसे वागावे हे सांगते. दुसरी नोंदीची, जी प्रत्यक्ष काय घडले ते सांगते. कथेची वही बंद केली तर कळमकरांसारखी माणसे निपजणार नाहीत. नोंदीची वही बंद केली तर दुल्हा रहमान आणि ईल राजा यांच्या नावाने भांडणारी माणसे निपजतील. एका कथेने डोंगर वाचविला आणि दुसरीने माणसे दुरावू शकतात. फरक सांगणाऱ्याच्या हेतूत आणि त्याच्या प्रामाणिकपणात आहे.

आपल्या न्यासाची पन्नास वर्षे आज नेमक्या या दोन वह्यांच्या सीमेवर आहेत. प्रारंभीचे काही साक्षीदार अजून आपल्यात आहेत, काही निघून गेले. जागा कशी मिळाली, पहिली वर्गणी कशी जमली, कोणी दिवसभर दुकान करून रात्री बांधकामावर पाणी मारले, हे आजही घरोघरी सांगितले जाते. परंतु प्रत्येक घरातील हकीकत थोडी निराळी आहे. आणखी पंचवीस वर्षांनी ती आख्यायिका होईल. मग नातवंडे आपापल्या आजोबांना ईल राजा करून टाकतील आणि कोणाचा आजोबा खरा, यावर वाद घालतील.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे तीन विनंत्या ठेवतो. पहिली, न्यासाची जुनी इतिवृत्ते, पावत्या, खरेदीखते आणि छायाचित्रे एकत्र करून त्यांची यादी या वर्षाच्या आत तयार करावी. दुसरी, सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक श्रावक-श्राविकेची आठवण तरुणांनी ध्वनिमुद्रित करून लिहून घ्यावी. श्राविकांचे नाव मुद्दाम घेतो, कारण पावतीवर नाव पुरुषाचे असते आणि हातातील बांगडी उतरलेली असते ती घरातील स्त्रीची. लिहिताना जे कागदावर आहे ते ‘नोंद आहे’ असे लिहावे आणि जे ऐकीव आहे ते ‘असे सांगतात’ असे लिहावे. तिसरी, मुक्तागिरीची पुढील यात्रा दोन दिवसांची करावी. पहिल्या दिवशी मुलांना अचलपूर आणि गाविलगड दाखवावे, बेनीसिंग पडला तो दरवाजा दाखवावा, गंडभेरुंड दाखवावा. दुसऱ्या दिवशी मुक्तागिरीला नेऊन आधी मेंढ्याची कथा सांगावी आणि मग त्याच डोंगरावर उभे राहून १९२३ ची हकीकत सांगावी.

या न्यासाने पन्नास वर्षांत जे उभे केले ते सर्वांच्या श्रमाचे फळ आहे. त्याची नोंद स्वच्छ अक्षरांत पुढील पिढीच्या हाती देणे, हे आता आपल्या पिढीचे काम आहे. ते आपण मिळून करू या. 

जय जिनेंद्र.